जुन्या विंगरचं फिरतं घर: भंगारातल्या कॅरॅव्हॅनमधलं काय घ्यावं, काय सोडावं

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांनी गडहिंग्लजच्या बाजूच्या एका शाळेकडून २०१३ ची टाटा विंगर घेतली आहे, एमएच-०९ पासिंगची, अजून पिवळ्या रंगातच. गोव्यात एका बंद पडलेल्या रिसॉर्टच्या आवारात परदेशी बनावटीची, गाडीमागे ओढायची जुनी कॅरॅव्हॅन उभी आहे आणि मालक ती भंगाराच्या भावात द्यायला तयार आहे. घरात माणसं पाच: ताई, त्यांचे यजमान, दोन शाळकरी मुलं आणि गुडघेदुखीच्या सासूबाई. कॅरॅव्हॅनमधला सोफा, ओटा, फ्रिज, शेगडी, खिडक्या, पाण्याची टाकी असं सगळं काढून विंगरमध्ये बसवता येईल का, कशाला हात लावू नये आणि आरटीओ काय म्हणेल, असं त्यांनी विचारलं आहे.

ताई, गाडी होईल आणि चांगली होईल. मी बेळगावच्या उद्यमबागेत बरीच वर्षं गाड्यांच्या आतली कामं करतो, ॲम्ब्युलन्सपासून फिरत्या दवाखान्यांपर्यंत. त्या अनुभवावरून एक गोष्ट सगळ्यात आधी सांगतो, कारण पुढचे सगळे निर्णय तिच्यावरच ठरतात. ओढायची कॅरॅव्हॅन रस्त्यावर चालू असते तेव्हा तिच्यात माणूस बसत नाही. माणसं पुढच्या गाडीत असतात, कॅरॅव्हॅन मागून रिकामी येते. तिच्यातला सोफा, कपाटं, ओटा हे सगळं मुक्कामावर वापरायचं सामान आहे. ते हलकं असावं म्हणून तीन मिलिमीटरचा प्लाय आणि बारीक पट्ट्या वापरून, स्टेपल मारून जोडलेलं असतं. धक्क्यात ते जागेवरून सुटलं तरी कुणाला लागणार नाही, हे बनवणाऱ्यानं गृहीत धरलेलं असतं. तुमच्या विंगरमध्ये मात्र सासूबाई आणि मुलं त्याच सामानाशेजारी बसून आंबोली घाट उतरणार आहेत.

म्हणून त्या कॅरॅव्हॅनमधली प्रत्येक वस्तू हातात घेताना विचारायचं: करकचून ब्रेक लागला किंवा धडक बसली तर ही कुठे जाईल, आणि तिच्या वाटेत कोण बसलंय? ताशी पन्नासच्या वेगात समोरून धडक बसली की आतल्या वस्तूवर तिच्या वजनाच्या पंधरा-वीस पट ओढ येते. वीस किलोचा ओट्याचा डबा क्षणभर तीनशे-चारशे किलोनं पुढे झेपावतो. चार स्टेपल आणि दोन स्क्रूंनी तो थांबत नाही.

आता सोफा. कॅरॅव्हॅनमधला एल आकाराचा सोफा दिसायला फार छान असतो, मुलांना तर लगेच आवडेल. खरं त्यावर बसून प्रवास करायचा नाही, हे पक्कं ठरवा. त्याला सीट बेल्ट नाही आणि बेल्ट अडकवायला खाली काही आधारही नाही. प्लायच्या खोक्याला किंवा एक मिलिमीटरच्या पत्र्याला छिद्र पाडून बेल्ट लावून देणारे लोक भेटतील. तो बेल्ट नुसता दाखवण्यापुरता असतो, धडकेत पत्रा कागदासारखा फाटतो. पाच माणसांसाठी पाच कंपनीच्या सीटा ठेवा, सगळ्या पुढे तोंड केलेल्या, कंपनीनं दिलेल्या जागांवर, कंपनीच्याच बोल्टवर. शाळेच्या गाडीत मागच्या सीटांना बेल्ट नसतील तर त्याच मॉडेलच्या, बेल्ट असलेल्या सीटा शोधा आणि बेल्टची मूळ ठिकाणं बॉडीत आहेत का ते कंपनीच्या वर्कशॉपमध्ये तपासून घ्या. या कामात पैसे वाचवू नका. बाकी बरंच काही भंगारातलं चालेल, सीट आणि बेल्ट नाही. सोफ्याचा लाकडी सांगाडा तिथेच सोडा आणि त्याच्या खालच्या वाकवलेल्या लवचिक फळ्या काढून आणा. त्या हलक्या असतात, गादीला खालून वारा लागू देतात आणि रात्रीच्या बिछान्याला उत्तम चालतात. फोम मात्र आणू नका. गोव्याच्या दमट हवेत बंद राहिलेल्या फोमचा वास कशानंही जात नाही. बेळगावात नवा चाळीस डेन्सिटीचा फोम मापानं कापून मिळतो.

आरटीओचं आधी मिटवा, मग ग्राइंडर हातात घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर नोंदलेले आणि कंपनीनं दिलेले तपशील बदलतील असा फेरफार मालकाला परस्पर करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १८२-अ खाली परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. छत उंच करणं, बॉडी कापणं, सीटांची संख्या बदलणं हे सगळं त्यात येतं. तुमची पिवळी गाडी पांढरी करायची तरी नोंद लागते. त्यापेक्षाही मोठी अडचण विम्याची. न कळवलेला बदल हे क्लेम नाकारायला विमा कंपनीच्या हातात आयतं कारण असतं.

सरकारी यादीत खासगी वापराची कॅम्पर व्हॅन हा वाहनप्रकार २००४ पासून आहे, आणि मोटार कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ नावाचं मानकही आहे. पण त्या वाटेनं जायचं तर मान्यताप्राप्त बॉडी बिल्डर, तपासणी संस्था, नकाशे असा सगळा खटाटोप आणि खर्च आहे. एका कुटुंबाच्या एका जुन्या गाडीसाठी मी तो सुचवत नाही. मी सुचवतो तो मार्ग असा: बॉडी कुठेही कापायची नाही, छताला हात लावायचा नाही, आणि ओटा, बिछाना, पाणी, बॅटरी हे सगळं सुटं, बोल्ट काढले की बाहेर येणारं ठेवायचं. सीटा किती ठेवणार ते आरसीवर आधी नोंदवून घ्यायचं. तुम्ही बाराएक सीटांच्या गाडीत पाचच ठेवणार, म्हणजे अर्ज लागणारच. बेळगावच्या कार्यालयात कागदावर रेखाटन घेऊन जा, मोटार वाहन निरीक्षकांना दाखवा आणि मंजुरी लेखी घ्या. तोंडी ‘चालतंय की’ वर काम सुरू करू नका.

तुमच्या गाडीचे आणखी दोन पेच आहेत, सीमाभागातल्या माणसाला हे चुकत नाहीत. गाडी शाळेच्या नावावर वाहतूक प्रकारात नोंदलेली असणार. ती खासगी करून घ्यायची आहे, नाहीतर दरवेळी फिटनेस आणि कराचा प्रश्न उभा राहील. दुसरं, गाडी महाराष्ट्रात पासिंग झालेली आणि तुम्ही राहता कर्नाटकात. दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवली की इथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी कोल्हापूरच्या कार्यालयाची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, आणि इथे वयानुसार आजीवन कर. नातेवाईक महाराष्ट्रात चंदगडला आहेत, गाडी तिकडचीच दाखवू, असं बरेच जण करतात. ज्या दिवशी अपघात होतो त्या दिवशी हे अंगाशी येतं. कराचा आकडा आधी काढा, कारण या वयाच्या गाडीत कर आणि कागदपत्रं यांचाच खर्च कधीकधी फर्निचरपेक्षा जड जातो.

कागद फिरत असतील तोवर गाडीचा गंज बघून घ्या. शाळेची गाडी रोज धुतली जाते, मुलं ओल्या पायांनी चढतात, पाणी रबरी मॅटखाली जाऊन बसतं. मॅट पूर्ण उचला, मागच्या चाकांच्या कमानी, दाराच्या पायऱ्या, काचांच्या खालच्या कडा स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं ठोकून बघा. आवाज बद्द आला किंवा टोक आत गेलं तर तिथला पत्रा बदलायचा, नुसता रंग मारायचा नाही. विंगर मोनोकॉक बांधणीची आहे, वेगळी चासी नाही. पत्रा आणि त्याला आतून बळकटी देणाऱ्या पट्ट्या, म्हणजे रिब, मिळूनच गाडीचा सांगाडा होतो. म्हणून खानापूर-जांबोटीच्या पावसात दोन वर्षं काढायची असतील तर खालून अँटी-रस्ट कोटिंग करा, आणि दारांच्या तळाशी पाणी जायची जी छोटी छिद्रं असतात ती त्या कोटिंगनं बुजू देऊ नका.

आता गोव्याला जायचं. जाताना टॉर्च, रिव्हेट काढायला ड्रिल, रबरी हातोडा, पुठ्ठ्याचे खोके आणि नावं लिहायला मार्कर न्या. कॅरॅव्हॅनमध्ये शिरल्यावर सगळ्यात आधी खिडक्यांच्या खालच्या कोपऱ्यांत आणि छत-भिंत मिळते तिथे अंगठ्यानं दाबून बघा. भिंत मऊ लागली, फुगली असेल, वॉलपेपर सुटला असेल तर आतली लाकडी चौकट कुजलेली आहे. मग लाकडाची एकही वस्तू घरी आणू नका, वाळवी आणि बुरशी फुकटात येईल. धातू, प्लास्टिक, ॲक्रिलिक एवढंच काढा. भिंती सगळीकडे टणक लागल्या तर मात्र एक वेगळा विचार सुचवतो: तिचे तुकडे करूच नका. अख्खी कॅरॅव्हॅन ट्रकवर घालून शेतावर आणा, सावलीत विटांवर टेकवा. पाहुण्यांना एक खोली झाली. विंगरसाठी लागणारं सामान बाजारात नवंही फार महाग नाही.

तुकडे करायचेच ठरले तर माझी पहिली पसंती अशा वस्तूंना आहे ज्यांच्याकडे लोक बघतही नाहीत. कपाटांच्या दारांची बटणाची कुलपं, जी दाबली की बाहेर येतात आणि परत दाबली की दार घट्ट बसतं. ही घाटाच्या वळणातही उघडत नाहीत. आपल्या फर्निचरच्या दुकानातलं चुंबकी लॉक पहिल्याच स्पीडब्रेकरला दगा देतं. घडीचा टेबल-पाय आणि भिंतीवरची ॲल्युमिनियमची पट्टी, ज्यावर टेबल अडकतं आणि प्रवासात काढून ठेवता येतं. दाराजवळचा हात धरायचा दांडा, सासूबाईंसाठी. स्टीलचं छोटं सिंक आणि नळ. आणि खिडक्यांचे पडदे.

या पडद्यांबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण तुमचा प्रश्न खिडक्यांचा होता. कॅरॅव्हॅनच्या खिडक्या दुहेरी ॲक्रिलिकच्या, वर बिजागरी असलेल्या, बाहेर उघडणाऱ्या असतात. दिसतात सुंदर. पण त्या विंगरला बसवायच्या तर पत्रा कापायला हवा, रिब सोडून जागा शोधायला हवी, जाडीसाठी लाकडी चौकट भरायला हवी. शिवाय गाडीच्या खिडक्यांना सेफ्टी ग्लास (फुटली तरी धारदार तुकडे न होणारी काच) किंवा तसं प्रमाणित साहित्य लागतं, हा नियम आहे, आणि साधं ॲक्रिलिक त्यात बसत नाही. तुमच्या शाळेच्या विंगरला दोन्ही बाजूंनी सरकत्या काचा आधीच आहेत. मग कापायचं कशाला? खिडकी तिथेच सोडा आणि तिच्या आतल्या बाजूची चौकट काढा. त्या चौकटीत एका बाजूनं काळा पडदा आणि दुसऱ्या बाजूनं मच्छरदाणीची जाळी अशा दोन गुंडाळ्या असतात, स्प्रिंगवर ओढता येणाऱ्या. तिलारीच्या धरणाकाठी किंवा वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर रात्री काच सरकवून जाळी ओढली की वारा येतो आणि डास येत नाहीत. ही एक वस्तू नव्यानं घ्यायला गेलं तर इथे सहज मिळत नाही. चौकटी काढताना स्क्रूंवरच्या प्लास्टिकच्या टोप्या आधी नखानं काढा, स्क्रू प्रत्येक खिडकीचे वेगळ्या पुडीत ठेवा, आणि स्प्रिंगची गुंडाळी सोडून न देता टेपनं बांधून ठेवा. एकदा सुटली की परत ताण बसवणं अवघड जातं. ॲक्रिलिक पुसायला थिनर किंवा पेट्रोल कधीही वापरू नका, तडे जातात. साबणाचं पाणी पुरे. आपल्या काचांच्या मापाला चौकट मोठी पडली तर ॲल्युमिनियमची कड हॅक्सॉनं कापून कापड कमी करता येतं, पडदे शिवणारा कारागीर हे नीट करून देतो.

गॅसचं काहीही आणू नका. शेगडी, रेग्युलेटर, तांब्याची नळी, गॅसवरचा गिझर, हीटर, सगळं तिथेच सोडा. जुन्या नळ्यांचे जोड हलले की गळतात, रबर वाळलेलं असतं, आपल्या सिलिंडरचा व्हॉल्व आणि तिकडच्या रेग्युलेटरची जोडणी जुळत नाही, आणि जुळवायला जाणारा माणूस मधे काहीतरी जुगाड घालतो. एलपीजी हवेपेक्षा जड असते. गळली की जमिनीलगत साचते, आणि तुमचा बिछाना जमिनीपासून दीड फुटावर. गाडीत पक्की गॅसलाइन नको हे माझं स्पष्ट मत आहे. स्वयंपाक बाहेर करा. मागचं दार उघडलं की बाहेर सरकणारा ओटा करा, त्यावर छोटी सुटी शेगडी, डोक्यावर ताडपत्री. सौंदत्तीच्या यल्लमा यात्रेला आपल्याकडची मराठी-कानडी माणसं ट्रॅक्टर-ट्रॉलीत संसार भरून जातात, ते काय करतात? चूल कायम बाहेर, झोपायचं आत. कारण ते पिढ्यान्‌पिढ्या हे करत आलेत.

आणि धुराबद्दल. इंजिन चालू ठेवून एसी लावून झोपायचं नाही, जनरेटर गाडीजवळ चालवायचा नाही, गॅसची किंवा कोळशाची शेगडी उबेला आत आणायची नाही. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅरॅव्हॅनमध्ये दोन जण मृत सापडले. जनरेटरच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड आत शिरल्याचं तपासात निघालं. या वायूला वास नाही, रंग नाही, झोपेत माणूस जागाच होत नाही. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइड अलार्म घ्या आणि उशीच्या उंचीला लावा. मच्छरदाणीच्या जाळीमागच्या दोन काचा समोरासमोर दोन बोटं उघड्या ठेवा, पाऊस असला तरी. श्वासाची वाफ थंड पत्र्यावर जमून पहाटे आत पाणी गळतं तेही त्यानं कमी होतं.

फ्रिज बघून मोह होईल. तो जुन्या कॅरॅव्हॅनमध्ये बहुतेक शोषण पद्धतीचा असतो, गॅस, २३० व्होल्ट आणि १२ व्होल्ट अशा तिन्हींवर चालणारा. त्याला कॉम्प्रेसर नसतो. गाडी तिरकी उभी असली की तो नीट थंड करत नाही, मागून हवा खेळायला भिंतीत जाळ्या कापाव्या लागतात, आणि एप्रिलमध्ये तापलेल्या गाडीत तो हरतो. १२ व्होल्टवर तो सतत आठ-दहा ॲम्पिअर खातो, म्हणजे शंभर ॲम्पिअर-तासांची बॅटरी एका रात्रीत संपली. सोडून द्या. तुम्ही दोन-तीन दिवसांच्या फेऱ्या करणार असाल तर चांगली जाड भिंतीची आइसबॉक्स पुरते. पुढे हौस वाढली तर ४० लिटरचा १२ व्होल्ट कॉम्प्रेसर फ्रिज घ्या. तो चालू असताना साधारण ४५ वॅट घेतो आणि निम्मा वेळ चालला तर दिवसाला ५४० वॅट-तास, म्हणजे ४५ ॲम्पिअर-तास.

वायरिंगही जुनं वापरायचं नाही. कॅरॅव्हॅन युरोपातली असेल तर तिकडचा विजेचा दाब आपल्यासारखाच २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, त्यामुळे बाहेरून वीज घ्यायचं झाकणवालं सॉकेट हवं तर घ्या, पण वायर नव्या तांब्याच्या. १२ व्होल्टमध्ये वायरची जाडी घरच्या हिशेबानं ठरवली की घोटाळा होतो. घरचा वायरमन अडीच चौरस मिलिमीटरची वायर ओढेल आणि म्हणेल भरपूर आहे. आता हिशेब बघा. बॅटरीपासून फ्रिज पाच मीटर, जाऊन-येऊन दहा मीटर वायर, त्याच वायरवर फ्रिज, पंखा, दिवे मिळून प्रवाह दहा ॲम्पिअर धरा. अडीचच्या वायरमध्ये जवळजवळ ०.७ व्होल्ट वाटेतच जातात. साधी लेड-ॲसिड बॅटरी १२.२ वर असेल तर फ्रिजला ११.५ मिळतात आणि बॅटरी अर्धी भरलेली असताना तो कमी व्होल्टेज दाखवून बंद पडू शकतो. सहा चौरस मिलिमीटर वायर घातली की तूट ०.३ च्या आत येते. प्रत्येक तार निघते तिथे, बॅटरीच्या टर्मिनलपासून एका वितीच्या आत, फ्यूज हवा. फ्यूज लांब लावला तर तिथपर्यंतची वायर उघडीच राहिली. पत्र्याच्या कडेला ती घासली की आग लागते. पत्र्यातून वायर जाते त्या प्रत्येक छिद्राला रबरी ग्रॉमेट, म्हणजे वायर घासू न देणारं कडं, बसवा.

बॅटरी घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर आणू नका. १५० ॲम्पिअर-तासांची ती बॅटरी पन्नास-साठ किलोची असते, चार्ज होताना हायड्रोजन सोडते आणि कलंडली तर आम्ल सांडतं. शंभर ॲम्पिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी बारा-तेरा किलोत बसते. ती थेट अल्टरनेटरला, म्हणजे इंजिनवर फिरून वीज करणाऱ्या यंत्राला, जोडायची नाही, मधे डीसी-टू-डीसी चार्जर घालायचा, वीस-तीस ॲम्पिअरचा. म्हणजे गाडी चालताना बॅटरी भरते, अल्टरनेटर जळत नाही, आणि सकाळी गाडीच्या स्टार्टरसाठी तिची स्वतःची बॅटरी शाबूत राहते. सोलर पॅनल छतावर पक्का न करता सुटा ठेवा, मुक्कामावर उन्हात मांडा. जुलैत आपल्याकडे त्याचा भरवसा धरू नका.

पाणी म्हणजे वजन, एक लिटर एक किलो. कॅरॅव्हॅनची टाकी आतून हिरवी झाली असेल तर घासत बसू नका. वीस-वीस लिटरचे दोन खाद्य दर्जाचे कॅन, सिंकखाली, पट्ट्यानं बांधलेले. एक वापरायचा, दुसरा राखीव. पायानं दाबायचा पंप असेल तर तो जरूर आणा, वीज लागत नाही आणि मुलं नळ उघडा ठेवून जात नाहीत. शौचालयाचं म्हणाल तर कॅरॅव्हॅनमधलं पक्कं बसवलेलं सोडा. सासूबाईंना रात्री उतरायला नको म्हणून सुटं पोर्टेबल टॉयलेट नवं घ्या आणि ते घरच्या किंवा लॉजच्या संडासातच रिकामं करा, ओढ्यात कधीही नाही.

आता वजन आणि बांधणी. आपला सुतार घरच्या सवयीनं अठरा मिलिमीटरचा प्लाय काढतो. आठ बाय चारची ती एक शीट पस्तीस किलोच्या वर जाते, सनमायका वेगळा. पाच शीटांत पावणेदोनशे किलो झाले, म्हणजे अडीच माणसं. सांगाडा ॲल्युमिनियम सेक्शनचा किंवा २५ मिलिमीटरच्या पातळ चौकोनी पाइपचा करा, त्यावर सहा-नऊ मिलिमीटरचा प्लाय. जड वस्तू खाली आणि दोन्ही चाकांच्या जोड्यांच्या मधे. वरच्या कपाटात फक्त कपडे आणि पांघरुणं. ओट्याचा सांगाडा जमिनीला एम-८ बोल्टनं, पत्र्याच्या खाली तीन मिलिमीटरची तळहाताएवढी लोखंडी प्लेट देऊन. भिंतीला रिबमध्ये रिव्हनट (पत्र्यात घट्ट बसणारा आट्यांचा नट) बसवून. नुसत्या पत्र्यात सेल्फ-टॅपिंग स्क्रू मारलेलं काहीही मला मान्य नाही. ओटा शेवटच्या सीटांच्या मागे येतोय, म्हणून त्याच्या आणि सीटांच्या मधे पाइपची उभी जाळी बसवा. इन्सुलेशनला एसी डक्टवाले वापरतात ती नायट्राइल रबरची शीट दहा-तेरा मिलिमीटरची पुरे. थर्माकोल लावू नका, कुरकुरतो आणि त्यामागे ओल साचते.

पाच माणसं आत झोपवायचा हट्ट सोडा. भिंतीला शीट आणि प्लाय लागल्यावर गाडीची आतली रुंदी कमी होते, मोठ्या माणसाला आडवं पाय पसरून झोपता येत नाही. लांबीत दोघांचा बिछाना, लागला तर सीटांवर तिसऱ्याचा, त्यातला खालचा, दारालगतचा सासूबाईंचा. मुलं आणि बाबा शेजारी तंबूत. मुलांना ते जास्त आवडतं. भीमगड किंवा आंबोलीच्या राखीव जंगलात मात्र परवानगीशिवाय रात्री थांबता येत नाही. मंदिराचं आवार, ओळखीचं शेत, होमस्टेचं अंगण इथेच थांबा.

सगळं बसवून झालं, कॅन भरले, पाचही माणसं बसली की गाडी वजनकाट्यावर न्या. आपल्या भागात काट्यांना तोटा नाही. साखर कारखान्याचा हंगाम नसेल तर रांगही नसते. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची. आरसीवरच्या एकूण वजनापेक्षा शंभर किलो तरी कमी भरायला हवं, आणि मागच्या एक्सलवर जास्त आलं तर कॅन पुढे सरकवा, स्प्रिंगचे पाटे वाढवून घेऊ नका. टायरवरच्या चार अंकी तारखेचे पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. शाळेच्या गाडीची टायरं कमी झिजलेली पण म्हातारी असतात, सहा वर्षांच्या पुढची बदला. ब्रेक ऑइल आणि लायनर नवे घ्या.

पहिली फेरी हायवेनं संकेश्वर-निपाणीपर्यंत करा, मग चोर्ला. तिलारीचा रामघाट सध्या नकोच, उतार फार खडा आहे. घाट ज्या गिअरमध्ये चढाल त्याच्या खालच्या गिअरमध्ये उतरा. प्रत्येक बोल्टच्या नटवर आणि शेजारच्या प्लेटवर मिळून रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवा. परत आल्यावर रेघ तुटलेली दिसली तर नट फिरलाय. तिथे नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला, सहज सैल न होणारा) घाला आणि पुन्हा रेघ ओढा.